रिक्तिका वनस्पतीत एवढी मोठी आणि प्राण्यात एवढीशी का?

तासगावच्या अकरावीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. पुस्तकात वनस्पती पेशीत रिक्तिका (पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी, व्हॅक्युओल) मोठी आणि प्राणी पेशीत लहान असं दिलंय. क्लासमध्ये साठवण, टाकाऊ पदार्थ आणि ताठरपणा अशी तीन कामं लिहून दिली. पण मोठी का आणि लहान का, हे कुणीच सांगत नाही. शिवाय नुसती पाण्याची पिशवी असेल तर तिला पेशीअंगक, म्हणजे पेशीतला काम करणारा भाग, म्हणायचं कशाला?

उत्तर एका ओळीत हवं असेल तर ते असं: जिच्याभोवती काहीतरी भक्कम आवरण आहे, त्याच पेशीला मोठी रिक्तिका परवडते. बाकीचं बहुतेक सगळं यातूनच निघतं. सांगलीत अकरावी-बारावीला हा धडा शिकवताना मी वनस्पती-प्राणी फरकाचा तक्ता शेवटी देतो. आधी दिला की मुलं तो पाठ करतात आणि कारण विचारायचं विसरतात. तू विचारलंस हे बरं झालं.

आधी रचना बघू. रिक्तिकेभोवती एकच पटल असतं, त्याला टोनोप्लास्ट म्हणतात. एकच पटल म्हणजे लिपिडांचे दोन थर असलेलं एक पटल. तंतुकणिकेसारखं (मायटोकॉन्ड्रियासारखं) दुहेरी पटल नव्हे. परीक्षेत इथं हमखास गुण जातात. आतल्या द्रवाला पेशीरस म्हणतात. त्यात पाणी, शर्करा, सेंद्रिय आम्लं, पोटॅशियमसारखे आयन, रंगद्रव्यं, विकरं (एन्झाइम) आणि काही ठिकाणी स्फटिकसुद्धा असतात. कोवळ्या, विभाजन होत असलेल्या पेशीत लहान लहान रिक्तिका पुष्कळ असतात. पेशी मोठी होते तशा त्या एकमेकींत मिसळून एकच मोठी होते आणि पक्व पेशीचं ८० ते ९० टक्के आकारमान व्यापते. पेशीद्रव मग कडेला पातळ थरासारखं उरतं. केंद्रकही कडेला सरकतं, किंवा पेशीद्रवाच्या धाग्यांवर मधोमध टांगलेलं राहतं. आकृती काढताना पक्व वनस्पती पेशीच्या ऐन मध्यावर केंद्रक आणि कोपऱ्यात चिमुकली रिक्तिका काढलीस तर तपासणारा तिथंच लाल रेघ मारेल.

टोनोप्लास्ट हे पेशीच्या बाह्यपटलापेक्षा वेगळं, स्वतंत्र पटल आहे, हे ह्यूगो द व्रीस या डच शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवलं. पुढं १९०० साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक तो हाच. पेशीद्रव मेलं तरी आतलं पटल काही काळ शाबूत राहतं आणि बाहेरचा रंग आत शिरू देत नाही, हे त्याने पाहिलं. साध्या पिशवीला हे जमत नाही.

आता दाब. पेशीरसात विरघळलेले पदार्थ जास्त, म्हणून परासरणाने बाहेरचं पाणी आत येतं. रिक्तिका फुगते आणि पेशीद्रवाला पेशीभोवतीच्या भित्तिकेवर दाबते. हा स्फीतिदाब पानातल्या पेशींत साधारण ३ ते १० वातावरण इतका भरतो. मोटारीच्या चाकात जेमतेम २ ते अडीच असतो, त्यावरून अंदाज कर. एवढा दाब झेलायला सेल्युलोजची भित्तिका लागते. प्राणी पेशीभोवती नुसतं पातळ पटल आहे. तिने अशी रिक्तिका भरायचा प्रयत्न केला तर पेशी फुटेल. रक्तातली तांबडी पेशी ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली की फुटते, हे तू वाचलं असशीलच. म्हणून सलाईन ०.९ टक्के मिठाचं असतं. आपलं शरीर पेशीबाहेरचा द्रवच बेताचा खारट ठेवतं, आणि प्रत्येक पेशी सोडियम सतत बाहेर फेकत राहते. दाब टाळणं हा प्राणी पेशीचा मार्ग आहे. वनस्पती पेशी उलट दाब मुद्दाम बांधते आणि त्याच्यावर उभी राहते. मंडईतून आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत माना टाकते आणि पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ होते, ते याचमुळे. तिच्या कोवळ्या देठाला लाकडाचा आधार नसतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लाल कांदा घे. मांसल पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोल. आतल्या बाजूचा घेऊ नकोस, तो रंगहीन असतो आणि काहीच कळत नाही. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, वर आच्छादक काच. आधी कमी विशालनावर बघ. विटांच्या भिंतीसारख्या पेशी काठोकाठ जांभळ्या दिसतील. तो जांभळा रंग म्हणजे रिक्तिका, कारण अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य तिच्यातच असतं. आता काचेच्या एका कडेला ५ ते १० टक्के मिठाचं पाणी सोड आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लाव. डोळा भिंगावरून काढू नकोस. जांभळा रंग आधी कोपऱ्यांतून सुटतो. पेशीची चौकट जागच्या जागी राहते आणि रंगाचा डाग गोलसर होत आत सरकतो. हाच रससंकोच. आणखी एक गोष्ट बघ: डाग लहान होतो तसा गडद होतो. पाणी गेलं, रंग आतच राहिला. पाणी जाऊ देणारं आणि रंग अडवणारं पटल म्हणजे काय, ते इथं समोर दिसतं. मग साधं पाणी सोडून डाग परत पसरवता येतो, पण फार उशीर केला तर पेशी मरते आणि रंग सगळीकडे सांडतो. प्रात्यक्षिकात बरीच मुलं आयोडीन घालून केंद्रक दाखवतात आणि उठतात. तेवढ्याच वेळात हे होतं.

रिक्तिकेचं दुसरं मोठं काम पुस्तकं फारसं सांगत नाहीत. ते म्हणजे स्वस्तात वाढणं. पेशीद्रव महाग असतं. त्यात प्रथिनं लागतात, प्रथिनांना नत्र लागतं आणि नत्र मिळवताना झाडाचा जीव मेटाकुटीला येतो. पाणी आणि थोडे क्षार त्यामानाने स्वस्त. म्हणून वनस्पती पेशी आधी पाणी भरून लांब होते. पेशीद्रव तेवढंच राहतं, फक्त पसरतं. पान रुंद होतं, हरितलवकं कडेला सरकतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांना जवळून मिळतो. उसाच्या शेतात हे थेट मोजता येतं. जोमदार वाढीच्या काळात पाण्याचा ताण पडला की त्या वेळची कांडी आखूड राहते. पुढं पाणी भरपूर दिलं तरी ती लांबत नाही, कारण तोवर तिच्या भित्तिका घट्ट झालेल्या असतात. वर्षभराने ऊस हातात घेऊन आखूड कांड्या मोजल्या तर पाटाला पाणी कधी नव्हतं ते सांगता येतं.

उसाचा विषय निघालाच आहे तर साखरेबद्दल. आपल्या भागात उतारा, म्हणजे गाळलेल्या उसातून मिळणारी साखर, १२ टक्क्यांच्या आसपास म्हणतात. ती साखर उसात मुख्यतः कांडीच्या मृदू ऊतीतल्या रिक्तिकांमध्ये साठलेली असते. पानात तयार झालेलं सुक्रोज खाली येतं आणि तिथं कोंडून ठेवलं जातं. मग शेंडा अळणी आणि बुडखा गोड का? कोवळ्या कांडीच्या रिक्तिकेत इन्व्हर्टेज नावाचं विकर जोरात असतं. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, आणि वाढणारी पेशी ते वापरून टाकते. कांडी पक्व होते तसं हे विकर मंदावतं आणि सुक्रोज साठायला लागतं. तोडणीच्या वेळी वाढं छाटून टाकतात त्यामागे हेच आहे. ऊस तोडून फडात किंवा गाडीत दोन-तीन दिवस पडून राहिला की हे विकर पुन्हा कामाला लागतं, जोडीला कापलेल्या टोकांतून जीवाणू शिरतात आणि सुक्रोज घटतं. गुऱ्हाळावरचा गुळव्या असा ऊस बघूनच नाक मुरडतो, कारण फुटलेल्या साखरेचा गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो आणि पावसाळ्यात पाघळतो. तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हावं असं म्हणतात ते यासाठी.

तुझ्या गावाकडं द्राक्षं आहेत, म्हणजे दुसरं उदाहरण दारातच आहे. मणी कडक आणि आंबट असतो तेव्हा त्याच्या रिक्तिकांत टार्टारिक आणि मॅलिक आम्लं भरलेली असतात. मण्यात पाणी उतरायला लागलं की मॅलिक आम्ल घटतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज भराभर चढतं. त्याच सुमारास अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. गोड झालेला पेशीरस मुळांवाटे आणि सालीवाटेही पाणी ओढतो, आतला दाब वाढतो आणि साल तो पेलू शकत नाही. औषध मारून तडकलेला मणी सांधत नाही, हे बागायतदाराला मी सांगायची गरज नाही.

तू विचारलंस की हिला अंगक का म्हणायचं. कारण टोनोप्लास्ट काम करतं. त्याच्यावर प्रोटॉन पंप बसवलेले आहेत. ते ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन आत ढकलतात. त्यामुळं पेशीद्रव साधारण उदासीन, म्हणजे ७ ते ७.५ पीएचचं असताना पेशीरस सर्वसाधारणपणे ५ ते ५.५ पीएचचा आम्लधर्मी राहतो. लिंबात तर तो २ च्या आसपास जातो. लिंबाचा आंबटपणा पेशीद्रवात सांडला तर पेशी क्षणात मरेल, पण तो टोनोप्लास्टच्या आड सुखरूप असतो. आत कोंबलेले हे प्रोटॉन परत बाहेर यायला धडपडतात आणि त्या ओढीवर इतर आयन आणि शर्करा आत घेतल्या जातात. पुस्तकातलं 'तीव्रतेच्या उताराविरुद्ध वहन' हे वाक्य म्हणजे एवढंच. काही गोकर्णी-निळ्या मॉर्निंग ग्लोरीच्या फुलांत कळी जांभळट लाल असते आणि उमलताना रिक्तिकेचा पीएच ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो, म्हणून फूल निळं होतं. रंगद्रव्य तेच राहतं.

घरच्या कुंडीत पानफुटी असेल तर पहाटे एक पान ठेचून त्याच्या रसाला पीएच कागद लाव आणि तसाच प्रयोग संध्याकाळी दुसऱ्या पानावर कर. पहाटेचा रस जास्त आम्ल निघतो. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडते, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठवते आणि दिवसा रंध्रं बंद ठेवून तेच वापरते. पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतं, हे भारतात राहणाऱ्या बेंजामिन हाइन याने लिहून ठेवलं आणि ते १८१५ मध्ये छापलं गेलं. त्याने चव घेतली होती. तू घेऊ नकोस, पानफुटीत विषारी घटक असतात, कागद पुरेसा आहे. जतकडं माळावर ड्रॅगनफ्रूट तग धरतं तेही याच युक्तीने.

टाकाऊ पदार्थ साठवणं हा मुद्दा मात्र मला अर्धवट वाटतो. कारण बऱ्याचदा तिथं ठेवलेला माल टाकाऊ नसतो, शस्त्र असतं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे खास पेशींच्या रिक्तिकांत तयार होतात, म्हणून नीट न शिजवलेलं फदफदं घशाला खाजतं. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं संयुग रिक्तिकेत असतं आणि ते फोडणारं विकर वेगळ्या पेशींत, हरितलवकांमध्ये. गाय पान चावते, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. पाऊस ओढ देतो तेव्हा कोवळी ज्वारी जनावरांना बाधते ती अशी. कांद्यात मांडणी बरोबर उलटी आहे. तिथं विकर रिक्तिकेत आणि गंधकयुक्त संयुग बाहेर पेशीद्रवात. चिरेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही आणि चिरलं की डोळ्यांत पाणी. वांगं कापल्यावर काळं पडतं ते रिक्तिकेतल्या फिनॉल संयुगांना बाहेरचं विकर भेटल्यामुळं. बेदाणा हिरवा राहावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात, तीसुद्धा अशाच काळवंडण्याला अडवायला. या सगळ्या प्रकरणांत रिक्तिकेचं काम एकच: दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं.

हेच वेगळं ठेवणं कृष्णा-वारणेकाठच्या क्षारपड जमिनींत जगण्या-मरण्याचा प्रश्न होतं. काळी जमीन, पाटाचं बेसुमार पाणी आणि निचरा नाही, म्हणून क्षार वर आले. सोडियम पेशीद्रवात साठला तर विकरं बिघडतात. क्षार सोसणाऱ्या वनस्पती तो टोनोप्लास्टवरच्या एका अदलाबदल करणाऱ्या प्रथिनाने रिक्तिकेत ढकलतात: एक प्रोटॉन बाहेर, एक सोडियम आत. यात दुहेरी फायदा आहे. पेशीद्रव वाचतं आणि आत साठलेला सोडियम खाऱ्या जमिनीतूनही पाणी ओढायला मदत करतो. एदुआर्दो ब्लुमवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये टोमॅटोत हे प्रथिन जास्त प्रमाणात तयार करवलं. ती झाडं लिटरला सुमारे १२ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर वाढली, फळंही धरली, आणि सोडियम बहुतेक पानांत राहिला, फळात फारसा गेला नाही. प्रयोग सुंदर आहे. पण म्हणून आपल्या रानात सच्छिद्र पाइपचा निचरा टाळता येईल असं कुणी समजू नये. रिक्तिका भरायलाही मर्यादा असते.

आता प्राणी पेशी. रिक्तिका 'नसते' असं लिहू नकोस, 'लहान, संख्येने जास्त आणि बहुधा तात्पुरत्या' असं लिही. पांढरी पेशी जीवाणू गिळते तेव्हा त्याच्याभोवती पटलाची पिशवी तयार होते. तिला लयकारिका (पाचक विकरांची पिशवी, लायसोसोम) येऊन मिळते आणि जीवाणू पचतो. क्षयाचा जीवाणू नेमकं हे मीलनच अडवतो, म्हणून तो आत जिवंत राहतो. वनस्पतीत पचवण्या-मोडण्याचं बरंचसं काम मोठी रिक्तिकाच करते, प्राण्यात ते लयकारिका करतात. म्हणजे कामं दोन्हीकडे होतात, घरं वेगळी आहेत. चरबी पेशीतला मोठा थेंब मात्र रिक्तिका नाही. त्याच्याभोवती लिपिडांचा एकच थर असतो. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पर्यायांत हा सापळा येऊ शकतो.

सुरुवातीला भक्कम आवरणाचं म्हटलं त्याचा उत्तम पुरावा प्राण्यांतच आहे. भ्रूणातल्या पृष्ठरज्जूच्या (नोटोकॉर्डच्या) पेशींत चक्क मोठ्या रिक्तिका असतात. झेब्राफिशमध्ये त्या पेशीचा बहुतेक भाग व्यापतात. आणि त्या पृष्ठरज्जूभोवती काय असतं? चिवट आवरण. रिक्तिका आतून फुगतात, आवरण बाहेरून आवळतं आणि मणका तयार होण्याआधीच भ्रूणाचा कणा ताठ व लांब होतो. किण्व (यीस्ट) पेशीचंही तसंच: भित्तिका आहे, रिक्तिकाही मोठी आहे. योशिनोरी ओसुमी यांनी किण्वाची उपासमार करून त्याच्या रिक्तिकेत पेशीचेच तुकडे जमताना साध्या सूक्ष्मदर्शीतून पाहिले. पेशी स्वतःचा जुना माल कसा मोडून वापरते, याचा तपास तिथून पुढं गेला आणि २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

उरला अमीबा. त्याला भित्तिका नाही आणि राहायचं गोड्या पाण्यात, म्हणजे पाणी सतत आत येणार. तो ते संकोची रिक्तिकेत गोळा करून बाहेर फेकतो. समुद्रातल्या बऱ्याच अमीबांना ती लागत नाही, कारण बाहेरचं पाणीच खारं. हे बघायला पॅरामेशियम जास्त सोयीचा. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यात मूठभर वाळलेलं गवत टाकून बरणी सावलीत ठेव. काही दिवसांत वरच्या तवंगाजवळच्या थेंबात ते सापडतात. फार पळतात, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घाल, त्यांत अडकून ते स्थिर होतात. शरीराच्या दोन्ही टोकांना ताऱ्यासारख्या नळ्या भरताना दिसतील, मधला गोल फुगेल आणि एकदम नाहीसा होईल. दोन्ही गोल आळीपाळीने. दोन आकुंचनांत किती सेकंद गेले ते घड्याळावर मोज. मग किंचित मिठाचं पाणी सोडून पुन्हा मोज. आधी अंतर वाढेल की कमी होईल ते वहीत लिहून ठेव, आणि मगच भिंगाला डोळा लाव.